जावयाचा रोवणा
परवा कुंडी हलवताना कुंडीसकट मीच खाली बसलो, आणि मांडीवरच्या चिखलाच्या वासानं मला सानगडीच्या धानाच्या बांधीत नेऊन सोडलं. तेव्हा सासरे वारून वर्षही झालं नव्हतं. सासूबाई एकटीच्या हिमतीवर रोवणा, म्हणजे धानाची लावणी, उरकत होत्या, पण तेव्हापासून त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या बायकोला तोच घोर. जवाहरनगरच्या क्वार्टरमधून मी नवा जावई धीर द्यायला गेलो, तोही पांढऱ्या बेलबॉटममध्ये. निसरड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय ठेवला आणि कंबरेपर्यंत चिखलात जाऊन बसलो. रोवणाऱ्या बायांचं गाणं थांबलं. जावयाला हसायचं कसं? सासूनं जावयाशी समोरून बोलू नये ही रीत पाळणाऱ्या सासूबाईंनी पदर सावरला. "जवाईबापू, रोवाले बाया हायेत न! तुमी कायले सोताले रोवून घेतलं?" म्हणाल्या, आणि धुऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग अख्खी बांधी हसली. पुढं त्या म्हातारपणी थकल्या, तरी मी दारात दिसलो की आधी माझ्या पँटकडे बघत. परवा माझा चिखल पुसता पुसता बायको म्हणाली, "आता कायले पडता जी? हासाले आई कोठी हाय?"