रिबिनी बांधलेली पोर

सोळाव्या वर्षी माझा आवाज बदलला. पप्पांनी ते अजून मान्य केलेलं नाही.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मी जिंकले तेव्हा तेरा वर्षांची होते. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि चिमणीला हाका मारणारं एक गाणं. त्या वेण्यांवरच पुढे एक मालिका मिळाली. अंबडच्या स्टँडवर उतरले की कंडक्टर घंटी मारायची विसरून माझ्याकडे बघत बसायचा. मग आवाज भरला, जाड झाला, अंगही भरलं, आणि मालिकेत माझ्या जागी दुसरी पोर आली. आता तिशी आली तरी दुकानांच्या उद्घाटनाला मी वेण्याच घालते. स्टेजवर माझंच जुनं रेकॉर्डिंग वाजतं, मी नुसते ओठ हलवते. मला याची शिसारी येते.

त्या दिवशी कुंभार पिंपळगावचा बाजार होता. मोबाईलच्या नव्या दुकानासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली लावून स्टेज केलं होतं. आज स्वतःच्या गळ्यानं गायचं, असं मी ठरवूनच गेले होते. आज जमलं नाही तर पुन्हा कधीच जमणार नाही, अशी भीती वाटत होती.

ट्रॉलीमागे पप्पांना म्हटलं, "आज ट्रॅक नको. मी गाते."

"येड लागलं का? लोकं ते गाणं ऐकायला येऊन राह्यले."

"तेच गाते की. माझ्या आवाजात."

"तो आवाज कुणाला पाह्यजे, बाळा?"

पप्पा रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेनं बोलले.

मी वर चढले आणि साउंडवाल्याला हातानंच नको म्हणून खुणावलं. तशीच गायले, साथीशिवाय, खालच्या पट्टीत. पहिलं कडवं इतकं छान लागलं की डोक्यावरच्या रिबिनी विसरले. खूप वर्षांनी मला माझाच आवाज आवडला.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ही ती न्हाई! डुप्लिकेट आणली!"

हशा पिकला. "ओरिजिनल लावा, ओरिजिनल!" दुकानदार घाबरून पप्पांकडे धावला. मी दुसरं कडवं आणखी जोरात धरलं. मग गाणं सोडून माइकमध्ये म्हणाले, "अहो, मीच आहे ती." जाडसर आवाजात म्हणाले, म्हणून लोक आणखीच हसले.

पप्पा साउंडवाल्याजवळ गेले. स्पीकरमधून ती तेरा वर्षांची पोर गाऊ लागली. गर्दी एकदम गप्प झाली, सगळ्यांचे मोबाईल वर आले. पप्पांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. त्या आवाजानं त्यांना आजही तसंच रडू येतं.

माइक खाली ठेवून मला उतरता आलं असतं. पण चिमणीची पहिली हाक आली आणि माझं तोंड बरोबर जागेवर उघडलं.