घेटुळीचं नाव

आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, आणि लिव्हर बिघडलं माझं! माजलगावात जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण पोट अन् पाय सुजलेले बघून लोक एकच विचारायचे, "गुरुजी, कवापासून चालू व्हती?" असा संताप यायचा! बीडच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं: लिव्हर कडक झालंय, तिथलं रक्त तुंबलंय, म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. फुटल्या तर रक्ताची उलटी, अन् माणूस हातचा जातो. शिरांतला दाब कमी ठेवायची गोळी त्यांनी सुरू केली.

हे कळलं तशी माझी थोरली बहीण, अक्का, उमापूरहून मुक्कामालाच आली. रोज सकाळी कालव्याकडं जायची, पाला आणून वाटायची आणि हिरवागार रस माझ्यापुढं धरायची. "अनशापोटी घे. मला नाव इचारू नको, कुनाला सांगू नको. नाव घेतलं की गुण जातो."

मी विज्ञानाचा मास्तर, नाक दाबून गटागट प्यालो. अक्कापुढं कुणाची टाप हाय? मग दिवसभर लघवीला पळापळ. बायको म्हणायची, "तिथंच खुर्ची टाकू का?"

तिसऱ्या आठवड्यात अंगणातल्या बाजेवरून उठायला गेलो अन् डोळ्यापुढं अंधारी येऊन धाडकन आडवा झालो. अक्कानं मला तडक बीडला नेलं. बीपी पार खाली गेलेलं बघून डॉक्टर दचकलेच.

"गोळीशिवाय काही घेता?"

"न्हाई."

"झाडपाला?"

"छ्या!"

अक्का छताचा पंखा बघत बसलेली.

"मग ही गोळी तुम्हाला सोसत नाही. बंद करतो. पण शिरा फुटायची भीती राहणार." त्यांनी पेन उघडलं.

बोलावं तर अक्काचा गुण जातो, न बोलावं तर जीव. आणि इतका शिकलेला मी, अक्काच्याच तोंडाकडं बघत बसलो!

"लिहू नका सायेब!" अक्का ताडकन उठली. "घेटुळीचा पाला हाय. मीच रस पाजते रोज."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रसानं अंगातलं पाणी उतरायचं, गोळीनं दाब. दोन्हींनी मिळून मला आडवं केलं होतं. रस बंद झाला, गोळी राहिली.

बाहेर बाकावर अक्का ढसाढसा रडायला लागली. "नाव घेतलं रे मी. गेला गुण."

"अगं, वाचवलंस तू मला!"

"ते मला न्हाई कळत," तिनं पदरानं नाक पुसलं. "गुण गेला तर जाऊ दे म्हनलं. तू ऱ्हा."