चंदाच्या कोडातली चूक

हे मी आजवर कोणाला बोलले नाही — नवऱ्याला नाही, देवीपुढेही नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही थोडेच आमच्या तांड्यात विचारायला येणार आहात?

पुसदजवळच्या आमच्या तांड्यात आम्ही बाया मिळून कवड्या-आरशांच्या थैल्या शिवतो. कोणती थैली कोणी शिवली ते घेणाऱ्याला फोनवर दिसावं, अशी सोय माझ्या नातीने, चंदाने केली. नोंद ब्लॉकचेनवर जायची — म्हणजे एकाच वेळी कितीतरी संगणकांवर. एकदा बसली की खोडता येत नाही. नोंद कशी घ्यायची त्याचे नियम तिथेच एका छोट्या प्रोग्राममध्ये, त्याला कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. फोन आणि त्या कॉन्ट्रॅक्टच्या मधला कोड मात्र चंदाने हाताने लिहिला नव्हता. कॉन्ट्रॅक्टचं वर्णन संगणकाला दिलं, त्यानेच तो लिहून दिला. आकड्याच्या जागी नाव घातलं की लगेच अडवायचा. मोठा शिस्तीचा. पण एका बाईच्या जागी दुसरीचं नाव घातलं तर? त्याला काय कळणार — दोन्ही नावंच की.

मी कुठे चालले आहे ते कळलं ना? थांबा जरा.

मी चौथी शिकलेली. आमच्यात वाचता येणारी मीच, म्हणून फोन माझ्या हातात. माझी धाकटी जाऊ शेवंता — तिच्या कामाची उलटी बाजूही सुलटी वाटते. माझे टाके पाहून वाटतं, कापडावरून कोंबडी चालून गेली. एक दिवस तिने अशी थैली आणली की माझं डोकंच फिरलं. फोनवरच्या यादीत सगळ्यांची नावं होती, तिचंही. मी माझं दाबलं. चुकून? नाही. चष्मा लावून.

थैली प्रदर्शनात गेली, माझ्या नावाने वाखाणली गेली. शेवंता म्हणाली, "बाई, हे थैली त माही होती न?"

मी म्हटलं, "मले काय विचारतं? पोरीचं यंत्र चुकलं असंल."

एवढंच बोलले. चंदाने कोड पुसून संगणकाकडून पुन्हा लिहून घेतला — अक्षर न् अक्षर तसाच आला. तरी तिचा विश्वास उडाला. हाताने लिहायला बसली, आणि मग खरोखर चुका झाल्या. नावाच्या जागी कवड्यांचा आकडा दिसू लागला. बाया म्हणायच्या, "चंदे, माहं नाव आता सत्तावन कवड्या काय वं?" मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने. शेवंता तेवढी म्हणाली, "जाऊ द्या वं, लेकरू हाय, होते चूक."

त्या वर्षी चंदाने नागपूरच्या नोकरीचा अर्ज भरलाच नाही. "मले इतकं साधं जमत नाही, दादी, तिथं जाऊन काय करू?" मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. दुसरं काही केलं नाही.

आता ती नागपुरातच आहे, मजेत आहे. दिवाळीला येते तेव्हा अजून विचारते, "दादी, त्या दिवशी तू नेमकं काय दाबलं होतं?"

मी म्हणते, "आता कुठं आठवते."

आठवतं.