पेटीबाहेरचा कोट

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात तसेच किस्सेही साठतात. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्से कुठे भरणार? ते कोणाला तरी ऐकवूनच मोकळं व्हावं लागतं!

इंग्रजांच्या अमदानीत नंदुरबारच्या बाजारपेठेत रहीमचाचांचं दुकान होतं. मी तिथे काज-बटणं करायचो. कोट शिवावा तर चाचांनीच! पण त्यांच्या मनात एक सल होती. लोक हौसेने कोट शिवायचे, लग्नात मिरवायचे आणि डांबरगोळ्या घालून पेटीत बंद करायचे. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते म्हणायचे, "नजर जावाना आगोदर एखादा साधा दिन कोनी मन्हा कोट घालीसन येवो. बस, मंग मी खुशाल कात्री ठेवस!"

* * *

शेजारी एक मारवाडी शेठ होते. चाचांनी त्यांना पटवलं, की रोजच्या कोटाला कापड हलकं हवं, रंग मळखाऊ, अंगात जरा सैल आणि खाली पांढरंशुभ्र धोतर. मग बघा ऐट!

शेठजी खूश झाले, तसा कोट शिवून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर गादीवर जुनाच विटका कोट घालून बसलेले. चाचांचा चेहरा पडला. शेठजींनी हळूच बटणं काढून दाखवली. नवा कोट आत, जुना त्याच्यावर! तेही भर वैशाखात!

"नया है चाचा, धूल लग जाएगी!"

* * *

मग शाळेतले एक गुरुजी तयार झाले. नवा कोट घालूनच दुकानातून निघाले. गल्लीत जो तो विचारी, "गुरुजी, कोनं लगीन शे?"

सात जणांना त्यांनी नीट समजावलं. आठवा भेटला तेव्हा वैतागून म्हणाले, "मन्हं!"

गुरुजींच्या लग्नाची ही बातमी त्यांच्याआधी घरी पोचली. गुरुजींच्या पत्नी दारातच उभ्या होत्या. कोट त्याच दुपारी पेटीत गेला आणि किल्ली बाईंच्या कमरेला!

* * *

शेवटी चाचांनी मलाच कोट चढवला आणि बाजारात फिरायला पाठवलं. म्हटलं, चला, आपलीही हौस होईल. पण मला पाहताच भाजीवाल्या बायांनी टोपल्यांवर पदर टाकले. दोघं बिड्या विझवून उभे राहिले. एक म्हातारा तर हात जोडून म्हणाला, "सायेब, मी काहीच करेल नाही!"

चाचांना सांगितलं तेव्हा ते हसले, पण मनातून खट्टू झाले होते. "कोट घाला का मानूस नवरदेव, नाहीतर सायेब! आपला साधा मानूस कधी होई?"

* * *

कळसाडी गावची मंडळी आली ती अख्खी बैलगाडी भरून. पाच नवरदेव आणि कोट एकच! गावातल्या प्रत्येक लग्नात तोच कोट वापरायचा, असं त्यांचं ठरलेलं. चाचा टेप धरून बसले. "माप कोनं लेऊ?"

"सगळासमा जाडा शे त्यानं ल्या. बाकीना आतमा दोन-दोन सदरा घालतीन!"

* * *

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. प्रकाशा गावाकडची एक बाई मिरच्या विकून दुकानात आली. लुगड्यावर पुरुषाचा कोट, बाह्या मनगटावर दुमडलेल्या. मागे तिचा नवरा, अंगात नुसती बंडी, दोन्ही हात काखेत. "चाचा, कोपरं फाटनात. ठिगळ लावी द्या."

चाचांना एव्हाना धड दिसत नव्हतं. त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं आणि एकदम थांबले. शिवण त्यांच्याच हातची होती. मग त्यांनी विरलेली कोपरं चाचपली. "रोज घालस का कोनी?"

"मीच घालस. वावरमा बी आनि बाजारमा बी. हाऊ नवरा म्हने, पेटीमा ठेव. मी म्हनू, पेटीले थंडी वाजस का?"

चाचांचे डोळे भरून आले. इतके खूश झालेले चाचा मी कधी पाहिले नव्हते. ठिगळ त्यांनी स्वतः लावलं, सुई तेवढी मला ओवायला लावली. कोट परत देताना त्यांना दारात कुडकुडणाऱ्या नवऱ्याची चाहूल लागली. "आनि हाऊ काय घाली?"

बाईने बाह्या चढवल्या, बटण लावलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "त्यानी घाली लिधा ना, लगीनमा!"