शेजारची खुर्ची

थिएटरात बायकांच्या खिडकीवर रांग छोटी असायची, म्हणून तिकिटं प्रेमिलाच काढायची आणि आत अंधार झाला की शालिक येऊन तिच्या शेजारी बसायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं. पण विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा निघाला त्या दुपारीही तिनं तिकीट पुढं केलं, तेव्हा तो भडकला.

"लोकं मार खाऊन राहिले अन् तुले पिक्चर सुचते वं?"

तिकीट खिशात कोंबून तो मोर्च्यात शिरला. घोषणा देत होता खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या शेजारच्या खुर्चीवर दुसरंच कोणी येऊन बसलं तर? गांधीबागेच्या वळणावर त्यानं हातातला झेंडा मित्राच्या हाती दिला आणि सटकला तो थेट थिएटरात.

चाचपडत रांगेत पोचला, तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मध्यंतरापर्यंत चुळबुळत वाट पाहिली आणि चरफडत बाहेर आला. एव्हाना मोर्चा दारासमोर येऊन ठेपला होता. पोलीस बायकांना गाडीत चढवत होते, आणि गाडीच्या पायरीवर निळा झेंडा धरून, घसा बसलेली प्रेमिला उभी होती. तिनं त्याला पोस्टरखाली पाहिलं.

"काहून गा शालिक," ती तिथूनच ओरडली, "पिक्चर कसा होता?"