दादाची वाढवलेली रजा

आमच्या कचेरीत नोकरी जाण्याला मराठी शब्द कुणी वापरत नसे. ‘त्याला सॅक मिळाली’, ‘त्याला बूट मिळाला’, ‘मार्चिंग ऑर्डर आली’ असं म्हणायचं आणि हसायचं. दिवस मंदीचे, रोज कुणाची ना कुणाची पाळी यायची. साहेबाच्या तोंडून उचललेल्या या शब्दांनी आम्ही कोकणातले कारकून एकमेकांची थट्टा करायचो. मराठीत ‘नोकरी गेली’ म्हटलं की घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. इंग्रजीत तसं काहीच वाटत नाही. निदान मला तोवर वाटत नव्हतं.

माझी खुर्ची खरं तर थोरल्या भावाची. गुहागरजवळच्या आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी अंगणात येते. तिला घरातल्या थोरल्या मुलाचा खांदा लागलाच पाहिजे, हा वडिलांचा हट्ट. म्हणून दादाने महिन्याची रजा काढली आणि आपल्या जागी मला बदलीवर बसवलं. आमच्याकडचे सगळेच असं करत. परका माणूस जागा बळकावेल, सख्खा भाऊ कसा बळकावेल? मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं तेही त्यानेच.

त्याला स्वतःला टायपिंग येत नव्हतं. पंधराव्या दिवशी साहेबाने मला आत बोलावलं आणि सांगितलं, तुझ्या भावाला सॅक, तू राहा. ही जागा माझी नाही, असं मी हात जोडून म्हणायला हवं होतं. मी ‘थँक्यू सर’ म्हणालो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पत्र मलाच लिहावं लागलं. मुंबईचं पत्र आमच्या घरी ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत, आणि इंग्रजी एकट्या दादाला येई. म्हणून खुशाली मराठीत लिहिली आणि मधली एक ओळ इंग्रजीत: यू हॅव गॉट द सॅक. थट्टेचेच शब्द, पण दुसरे मला सुचले नाहीत. पुढे आईनेच मला कौतुकाने सांगितलं, की दादा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, “सायबानं रजा वाढवून दिलीन.” तिने लगेच देवापुढे नारळ ठेवला होता.

वैशाखात मी आगबोटीने गावी गेलो. पडावातून उतरलो तर दादा किनाऱ्यावर उभा. त्याने माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. घर येईपर्यंत तो यंदाच्या आंब्याबद्दलच बोलत राहिला. मी मान खाली घालून त्याच्या मागे चालत होतो. माझ्याइतका नीच माणूस त्या वाटेने कधी गेला नसेल.

दुपारी दादा बाहेर गेलेला पाहून वहिनी माझ्याजवळ आली.

“भावजी, सायबाला म्हणावं, रजा पुरे झाली,” ती म्हणाली. “यांना अन्न गोड लागत नाही. दिवसभर नुसते समुद्राकडे बघत बसतात. तुमच्यावर सायबाची मर्जी आहे. तुमचा शब्द तो मोडायचा नाही. यांना बोलावून घ्या ना.”

मी ‘सांगतो’ म्हणालो. आठ दिवसांनी मुंबईला परत गेलो आणि दादाच्या खुर्चीवर बसलो.