लहान्यांना आवाज

आमच्या तलावात मासे धरणारा तो एकटाच. ट्रकची ट्यूब फुगवून तिच्यावर बसायचा आणि जाळं सोडण्याआधी पाण्यावर तीनदा तळहात आपटून माशांच्या पिल्लांना म्हणायचा, "लहान्याहो, बाजूले व्हा." मग जरा थांबायचा. वावरात जाताना मी ते रोज ऐकायचो. माझ्याशी मात्र तो "झाला का चहा?" यापलीकडे कधी बोलला नाही, आणि उत्तराची वाटही पाहत नसे.

यंदा दोन दणक्याचे पाऊस पडून गेले, मग ऊन तापलं आणि तलावावर रंग सांडल्यासारखा हिरवा थर चढला. चौथ्या दिवशी सगळे मासे मरून तरंगत होते. वास गावभर गेला, पण कोणी फिरकलं नाही. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून बोटाएवढी पिल्लं वेगळी वेचत होता.

"हे काहून झालं?" मी विचारलं.

"वावरातलं खत वाहून येते, मंग शेवाळ माजते," तो वर न पाहता म्हणाला. "या लहान्यायले कोणी आवाजच नाही देल्ला."

काठाला लागून असलेलं वावर माझंच आहे, हे त्याला ठाऊक आहे. आता तो मला चहाचं विचारत नाही.